टक् आणि टिकच्या मध्ये

६ सप्टेंबर

भिंगरे,

आधी आशीर्वाद घे, मग कान दे.

टक्… टिक.

ओळखलास का हा आवाज? तू लहानपणी तुझ्या वडिलांच्या ऑफिसातल्या फिरत्या खुर्चीवर बसून गरगर फिरायचीस, म्हणून तर तुझं नाव भिंगरी पडलं. तेव्हाचे माउस जड असत, पोटात रबरी गोळी. त्याचं उजवं बटण दाबलं की टक् असा घोगरा आवाज यायचा, डावं दाबलं की टिक असा बारीक. शाळा सुटली की मी तिथे यायचो. तुझी काकू काचेच्या पलीकडे घरांचे नकाशे काढत असायची आणि अलीकडे मी निबंधाच्या वह्या पुढ्यात घेऊन नुसता ऐकत बसायचो. टक् म्हणजे तिने पडद्यावर कामांची यादी उघडली. टिक म्हणजे यादीतलं हवं ते तिला सापडलं. मधली शांतता म्हणजे शोधाशोध. सुरुवातीला ती शांतता एवढी लांब की माझा एक निबंध तपासून व्हायचा. मग ती आखडत गेली, आणि एका संध्याकाळी टक्-टिक, टक्-टिक अशी घोड्याची दुडकी चाल सुरू झाली. मी वही मिटून ओरडलो, "वृत्त सापडलं गं!" पलीकडून उत्तर आलं, "मास्तर, वह्या तपासा!"

आज हे कुठून आठवलं म्हणशील. सांगतो, पण आधी घरची खबर. माझा गुडघा ठिकाणावर आहे, म्हणजे दुखतो आहे. गॅलरीतल्या वेलाने शेजाऱ्यांच्या गॅलरीत बिऱ्हाड केलं आहे. पाणी मी घालायचं आणि फुलं त्यांनी बघायची. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी माझ्या सदऱ्याचं बटण तिसऱ्यांदा लावून दिलं आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच शिका." काकू मजेत आहे.

तर मुद्दा असा. तुमच्या कंपनीने नकाशांच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती काढली, ती आमच्याही यंत्रात न विचारता-पुसता येऊन बसली. रूप गोजिरं आहे, खोटं कशाला बोलू. पण उजव्या बटणाची यादी एका जागी राहत नाही गं. काल 'हलव' पहिलं होतं, आज तिसरं. 'फिरव' कुठे तळाशी जाऊन बसलं आहे. मी जन्मभर वर्ग सांभाळले. पोरं रोज बाक बदलायला लागली तर हजेरी घेणाऱ्याने करायचं काय? मला फार त्रास होतो. माझं वय झालं, समजून घे.

तुझी आई फोनवर म्हणाली की त्या यादीचं काम हल्ली तुझ्याकडेच असतं. ऐकून छाती फुगली. पहिली यादी तयार झाली त्या टेबलाखाली तू झोपली होतीस, हे तुला कुणी सांगितलं आहे का? नसेल. आम्ही कागदाच्या पट्ट्या कापल्या होत्या, एकेका पट्टीवर एकेक शब्द, आणि तीन माणसं त्या पट्ट्या वर-खाली सरकवत भांडत होती. तुझी काकू, मी आणि तुझे वडील.

असो.

जमेल तेव्हा यादीकडे बघ. घाई नाही. म्हणजे, थोडी आहे.

तुझ्या खुर्चीला धक्का देणारा,
काका


२० सप्टेंबर

भिंगरे,

पत्राला पत्राने उत्तर दिलंस, आशीर्वादांत भर पडली समज. शिंपीणबाई पाकीट वर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, तुम्हाला कोण लिहितं हो अजून?" मी म्हटलं, "कंपनीची साहेबीण." त्यांना खरं वाटलं नाही.

तू मांडलंस ते नीट वाचलं. आता यादी माणसाकडून शिकते. जो शब्द तो जास्त वापरतो तो वर चढतो, बाकीचे खाली उतरतात. तुम्ही कितीतरी लोकांना बसवून पाहिलं, त्यांची कामं लवकर उरकली. पटलं मला. तुझं काही चुकलेलं नाही. हुशार पोराला पहिल्या बाकावर बसवावं, हे आम्हीही करायचो.

आणि शेवटी हळूच विचारलंस, "काका, पण तुम्ही नकाशे कधीपासून काढायला लागलात?"

पकडलंस. मला सरळ रेघ पट्टी घेऊनही येत नाही. नकाशे काकूच काढते. हल्ली तिचे डोळे जरा… चष्मा बदलायला हवा. म्हणून शोधायला वेळ लागतो. मी आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसतो आणि ऐकतो. आताच्या माउसची दोन्ही बटणं सारखीच वाजतात म्हणे, माझ्या कानाला नाही. टक्. आणि मग काही नाही. पान उलटतो. तरी काही नाही.

ती यादी कशी झाली ते सांगतोच आज, मनात दाटून आलं आहे.

प्रोग्रॅम तुझ्या वडिलांनी लिहिला. मराठी शब्द द्यायला त्यांनी मला बोलावलं, आणि तुझी काकू नकाशे काढण्याच्या कामात मुरलेली, म्हणून पहिली वापरणारी ती. मी शब्द दिले ते सगळे 'तू'चे. हलव, फिरव, लपव. तुझे वडील म्हणाले, "दादा, गिऱ्हाइकाला अरे-तुरे?" मी म्हटलं, "वेड्या, गिऱ्हाईक यंत्राला हुकूम सोडतंय. यंत्राला काय अहो-जाहो करायचं?" तेव्हा तो हसला होता. त्याचं हसू म्हणजे आधी नाक हलायचं, मग तोंड.

मग क्रमाचा प्रश्न आला. त्याचं म्हणणं, जे जास्त लागतं ते वर. काकूचं म्हणणं, ज्या कामापाठोपाठ जे काम येतं ते शेजारी असावं, "पलंग हलवला की फिरवावा लागतोच, मग त्या दोघांत अंतर कशाला?" आणि माझं म्हणणं काय असणार? ओळ जिभेवर बसली पाहिजे. वर्गात कविता पाठ करून घेताना मी पाहिलं आहे, पोरं शब्द आठवत नाहीत, चाल आठवतात. एक शब्द पुढच्याचं बोट धरून येतो. मधलाच एक शब्द विचारा, पोरगं गप्प. मागच्या ओळीपासून सुरुवात करू द्या, धडधडत पार जातं.

तर मी यमक जुळवलं, 'नक्कल कर, रंग भर, नष्ट कर'. काय खुललो होतो स्वतःवर! पट्ट्या तशा लावल्या, तुझ्या वडिलांनी थोरल्या भावाच्या हट्टापायी तसंच यंत्रात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी काकूने एका गिऱ्हाइकाच्या गोदामात रंग भरायला म्हणून बटण दाबलं. हात केसभर खाली गेला. गोदाम गायब. केलेलं परत फिरवण्याची सोय तेव्हा नव्हती. ती बाहेर आली, कमरेवर हात. "मास्तर, तुमच्या यमकापायी एक आख्खं गोदाम गेलं. धान्यासकट." तुझे वडील टेबलावर डोकं ठेवून हसत होते.

मग तिनेच ती शेवटची पट्टी उचलली, पार खाली नेली, आणि तिच्या वर पेन्सिलने एक आडवी रेघ ओढली. म्हणाली, "पुसणं रेघेच्या खाली. रेघेशी हात थबकतो. थबकला की माणूस स्वतःला विचारतो, खरंच?" मी तीस मुलांना यती शिकवत होतो, ओळीच्या मध्ये श्वास घ्यायची जागा. ती कशासाठी असते ते मला त्या रेघेने सांगितलं.

शेवटी ठरली ती अशी. तुला पाठ असेल, तू खुर्चीवर फिरत म्हणायचीस:

हलव, फिरव, उलटव
पुढे आण, मागे सरव
नक्कल कर, रंग भर
कुलूप घाल, लपव

मग रेघ. मग, 'नष्ट कर'च्या जागी, 'पुसून टाक'.

आम्ही घरातही तसंच बोलायला लागलो होतो. चहा आणखी हवा असला की तुझे वडील कप पुढे करून म्हणायचे, "वहिनी, नक्कल कर." पाहुण्यांनी आमच्याकडे फार चमत्कारिक नजरेने पाहिलं आहे.

काकू एवढ्यात काय काढते विचारलंस. घर काढते. आमचंच. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मधला बोळ. रोज सकाळी नव्याने. पलंग, ओटा, औषधांचं कपाट, बाथरूम. माणसांसाठी वर्तुळं असतात ना, तशी दोन वर्तुळं. एकदा मला कपाटाच्या मागे सरवून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाली, "तिथेच असता तुम्ही, पुस्तकांत." मग छापते आणि घडी करून खिशात ठेवते. सवय आहे तिची.

पत्र लांबलं. वडिलांची प्रकृती बरी असेल. तू लिहिली नाहीस, मी विचारली नव्हती.

रेघेच्या वरचा,
काका


४ ऑक्टोबर

भिंगरे,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा होऊन गेला. रोज कागद घेतो आणि बाजूला ठेवतो. वर्गात एखादा पोरगा कविता म्हणायला उभा राहतो, पहिला शब्द माहीत असतो, आणि तोच तोंडातून निघत नाही, तसं.

तू काकूला फोन केलास. ती म्हणाली, "कोण बोलतंय?" तू सांगितलंस. ती छान बोलली, वेलाबद्दल सांगितलं, आणि मग पुन्हा विचारलं, "पण बोलतंय कोण?" तू लिहिलं आहेस, "काका, चष्मा कानाला लावत नाहीत."

नाहीत लावत. ती विसरते आहे, भिंगरे. आधी नावं गेली, मग परवा-कालचे दिवस. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, धीराने सांगतात, पण सांगतात तेच. आता घरही अधूनमधून तिच्या हातून निसटतं. बोळात उभी राहते आणि कुठलं दार कशाचं ते तिला कळत नाही. पण एक गोष्ट टिकली होती. यंत्रासमोर बसवलं की हात चालायचा. ओठ हलायचे, 'हलव, फिरव, उलटव', आणि बोटं पाठोपाठ. ती यादी वाचत नव्हती गं. तिला वाचून अर्थ लागायला वेळ लागतो. ती चालीने जायची. रोज घर काढायची, छापायची, आणि दिवसभर तो कागद हातात धरून आपल्याच घरात फिरायची. बाथरूमला जायची, औषध घ्यायची, मला शोधायची. कुणाची मदत नाही, कुणापुढे लाज नाही. मी पुस्तकामागून बघायचो. ती सवय नव्हती, तिची काठी होती.

नवी आवृत्ती आली, आणि तिचा हात 'हलव'वर गेला तर तिथे 'रंग भर'. पलंग हिरवागार झाला. ती गोंधळली, पलंग पुसला, पुन्हा काढला. पुन्हा चुकलं, पुन्हा पुसला. यंत्र तुम्ही सांगितल्याप्रमाणे बघत होतं, शिकत होतं. त्याला वाटलं, या बाईला पुसायला आवडतं. त्याने 'पुसून टाक' उचललं आणि रेघेवरून उडी मारून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं. अगदी तिथे, जिथे तिचा हात 'हलव'साठी जातो.

यंत्र तिच्याकडून विसरणं शिकलं, भिंगरे.

परवा तिने छापलेला कागद मी पाहिला. चार भिंती आणि एक वर्तुळ. ओटा नाही, कपाट नाही, बाथरूम नाही. तो कागद घेऊन ती बोळात उभी होती. मला म्हणाली, "मास्तर, इथे बाथरूम होतं ना? कुणी नेलं?" मी हात धरून नेलं. दारापाशी तिने हात सोडवून घेतला आणि म्हणाली, "तुम्ही लांब उभे राहा." त्यानंतर ती यंत्रापाशी बसली नाही. खुर्ची तशीच आहे.

हे तुला आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं की खरं होतं, एवढंच कारण.

आणि आता तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट. तू सहज लिहून गेलीस: "बाबा नोकरीत होते तोवर त्या यादीला कुणी हात लावू शकलं नाही. ऑफिसात त्यांच्या माघारी त्यांना 'कुलूप' म्हणायचे. बाबा निवृत्त झाले, मगच माझ्या हाती आली."

मी हे वाक्य किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

तुला आमचं भांडण कशावरून झालं ते बहुधा कुणी सांगितलं नसेल. लोक जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. आम्ही दहा शब्दांच्या क्रमावरून भांडलो. मोठ्या कंपनीने प्रोग्रॅम विकत घेतला, तुझे वडील प्रोग्रॅमबरोबर तिकडे जायचे ठरले. कंपनीच्या लोकांना यादी बदलायची होती, पुसणं वर हवं होतं, झटपट. मी म्हटलं, "तुझ्या वहिनीने ती रेघ उगाच ओढलेली नाही, नाही म्हणून सांग त्यांना." तो दमलेला होता, मीही काही गोड बोलत नव्हतो. तो म्हणाला, "दादा, प्रोग्रॅम काय वहिनीसाठी लिहिलाय का मी? हजारो लोक वापरणार आहेत."

ती दारात उभी होती, हातात चहाचे तीन कप. कप टेबलावर ठेवले, पर्स घेतली आणि घरी गेली. मी त्याला म्हटलं, "मग त्या हजारांनाच दादा म्हण."

त्याने माझा शब्द पाळला. मला पुन्हा दादा म्हणाला नाही. तू शाळेतून कॉलेजात गेलीस, नोकरीला लागलीस, मी सगळं तुझ्या आईच्या फोनवरून ऐकलं.

आणि इतकी वर्षं काकू रोज तो प्रोग्रॅम उघडायची, नव्या नव्या आवृत्त्या यायच्या, आणि यादी जशीच्या तशी. रेघ जागेवर. मला वाटायचं, त्या हजारोंना सोयीची असेल, म्हणून राहिली असेल. ती कुणीतरी धरून ठेवली आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. कविता शिकवणाऱ्या माणसाच्या! मी मुलांना सांगायचो, ओळीत जे लिहिलेलं नसतं ते वाचा.

तुला दोष नाही, पुन्हा सांगतो. हजारोंसाठी तुझी यादी चांगलीच आहे. फक्त एका घरात ती थांबवता येईल का? नकाशातल्या वस्तू हलू नयेत म्हणून तुम्ही त्यांना कुलूप घालू देता, यादीलाच घालता येत नाही का?

तुझ्या वडिलांना यातलं काही सांगू नकोस. किंवा सांग. मला ठरवता येत नाही.

काका


१८ ऑक्टोबर, सकाळी

भिंगरे,

तुझी चिठ्ठी मिळाली. पुढच्या आवृत्तीत 'यादी आहे तशी राहू दे' अशी सोय घालायचं तू वरच्यांकडून मान्य करून घेतलंस. त्यांनी विचारलं, कितीजणांना लागेल, आणि तू म्हणालीस, "मला एक माहीत आहे, बाकीचे तक्रार करायला जमत नाही म्हणून गप्प असतील." काकूच्या तालमीत न वाढताही तू तिच्यासारखी बोललीस. पण ती आवृत्ती यायला दिवस जातील, आणि इथे रोज थोडं थोडं ओसरतं आहे. म्हणून आज रविवारी माणूस पाठवतेस, तो जुनं काहीतरी बसवून देईल, हे फार बरं केलंस.

मी सकाळपासून तयार आहे. टेबल पुसलं, खुर्चीवरची उशी झटकली. काकूने विचारलं, "कोण येणार आहे?" म्हटलं, "यंत्र दुरुस्त करणारा." ती म्हणाली, "मला नको आता ते. ते माझं ऐकत नाही." आणि गॅलरीत जाऊन वेलाकडे बघत बसली. खिशात अजून तो चार भिंतींचा कागद आहे. काढून घ्यायचा माझा धीर होत नाही.

मला भीती वाटते ती वेगळीच. समजा यादी परत आली आणि तिचा हातच चाल विसरला असेल तर? इतके दिवस ती बसलेली नाही. पाठ केलेली कविता म्हटली नाही की जाते, हे मी शेकडो पोरांत पाहिलं आहे. रात्री उशाशी मीच तिला म्हणून दाखवतो, 'हलव, फिरव, उलटव'. ती ऐकते. पुढची ओळ म्हणत नाही.

थांब, बेल वाजली. दुरुस्तीवाला वेळेचा पक्का दिसतो. आलोच.



ओट्यावर कागद ठेवून लिहितो आहे, अक्षर वेडंवाकडं येतं आहे, चालवून घे. चहा उकळतो आहे. तीन कप.

दार उघडलं तर तुझा बाप. केस सगळे पांढरे, बॅग छातीशी धरलेली, जिने चढून धापा टाकत होता. मी म्हटलं, "कंपनीचा माणूस येणार होता."

"कंपनीने मला कधीच घरी बसवलंय, दादा."

दादा म्हणाला, भिंगरे.

मग म्हणाला, "पोरीने तुझी पत्रं वाचून दाखवली. तिच्यावर रागावू नकोस." तो म्हणाला, "आत येऊ का?" तेव्हा मला कळलं, मी दारातच आडवा उभा होतो.

गॅलरीतून तुझी काकू आली. "कोण आहे, मास्तर?" मी नाव सांगणार होतो. त्याने मला हाताने थांबवलं. तिने ओळखलं नव्हतं, ते त्याला दिसलं, त्याची मान जरा खाली गेली. मग त्याने बॅग उघडून आपलं यंत्र तिला दाखवलं, परीक्षेची वही दाखवावी तसं, आणि म्हणाला, "प्रोग्रॅम लिहून आणलाय. जुनाच, पण आताच्या यंत्रावर चालेल असा. दहा दिवस बसलो होतो."

"कुणासाठी?" तिने विचारलं.

"वहिनीसाठी लिहिलाय."

तिने त्याचा चेहरा न्याहाळला. नाव आठवलं नाहीच. पण म्हणाली, "मग आधी बसा तरी. दमलेले दिसता." आणि टेबलाशी जाऊन शेजारची खुर्ची तिने स्वतः ओढून दिली.

त्यांना तसंच सोडून मी इकडे आलो आहे. मला ते बघवणार नाही, ऐकवेल. तो आत हळू आवाजात काहीतरी सांगतो आहे. आता तोही गप्प झाला. चहा उतू जायला आला आहे, जाऊ दे.

टक्.

तुझा, आणि इतक्या वर्षांनी पुन्हा कुणाचातरी दादा,
काका

ता. क.
टिक.